ताटलीत आपलं भांडण झालं नाही

शालू, तू सौदा मोडलास. हे मी तुला तुझ्या पुण्याच्या घरी सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, आणि आता तू ऐकायला नाहीस तरी पुन्हा सांगतोय. तेराव्याला जेवायला आलेले लोक म्हणत होते, बाई मोठी शांत होती. मी वाढत होतो. बुंदीची परात खाली ठेवून त्यांना विचारावंसं वाटलं, तुम्ही तिच्याशी कधी भाव केलाय का? पण तुझी वहिनी माझ्याकडे बघत होती. मी गप्प वाढत राहिलो.

लोकांना वाटतं तू किडनीच्या आजाराने गेलीस. खोटं नाही ते. पण तूच मला सांगितलं होतंस की किडनीचा काही गुन्हा नव्हता. तुझ्या अंगातले रखवालदारच तिला परकी समजून तिच्यावर तुटून पडले. कॉलेजात होतीस तेव्हा तुझ्या नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल चट्टे उठायचे, सकाळी बोटं वळायची नाहीत. मी म्हणायचो, उन्हात हिंडते म्हणून होतं. खामगावच्या डॉक्टरांनी ल्युपस असं नाव सांगितलं तेव्हा मी विचारलं, "किती दिवसांत बरी होईल?" मला प्रत्येक गोष्टीला भाव आणि मुदत लागते. ते म्हणाले, हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. मी त्यांच्यावर भडकलो. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट सुद्धा हलला असेल. तू मात्र खुर्चीच्या कडेवर बसून त्यांना शांतपणे विचारलंस, "डॉक्टर, पण त्यायले सांगते कोण, की हे घरचं हाये आन् हे भायेरचं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, हे तू शीक आणि मग मला सांग.

तू शिकलीस. पिंपळगाव राजातून खामगाव, तिथून नागपूर, तिथून पुणे. त्यांना सांगायला परत गेलीस की नाही ते मला माहीत नाही. मला मात्र सांगितलंस, दरवेळी, मला समजेपर्यंत.

समजायला मला बाजाराची मदत झाली. तू पहिल्यांदा बैलबाजारात आलीस तेव्हा फ्रॉक घालायचीस. बाप गेल्यावर मी शाळा सोडून करीमचाचांकडे बैलांचे कासरे धरायला लागलो होतो. चाचा बाजारातले जुने दलाल, माझे उस्ताद. सायकलच्या दांड्यावर बसवून तुला नेलं होतं. चाचांनी एका गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकला, आणि दोघं एक शब्द न बोलता एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तू मला चिमटा काढून विचारलंस, "दादा, हे काऊन हात धरून उभे हायेत? भांडण मिटलं काय?"

मी सांगितलं, भाव चालू आहे. बैल उघड्यावर असतो, त्याचे दात कुणीही बघावेत, खूर कुणीही बघावेत. भाव मात्र दुपट्ट्याखाली. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पंजा दाबला की पाच. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. जमलं तर हातावर टाळी द्यायची. एकदा टाळी वाजली की मागे फिरायचं नाही. मागे फिरला त्याच्याशी पुढे कुणी बोलत नाही.

चाचांनी तुझा हात दुपट्ट्याखाली घेतला, तीन बोटं दाबली आणि म्हणाले, "बोल बेटी, इतने में दिया?" तू म्हणालीस, "मले नाई द्यायचा." सगळे हसले. माल तुझा नव्हता, बैल दुसऱ्याचा, आणि तुला द्यायचा नव्हता.

पुढे कितीतरी वर्षांनी, माझं स्वतःचं गुरांच्या ढेपेचं दुकान झालं होतं आणि बाजारात लोक मला शेठ म्हणायला लागले होते, तेव्हा सुट्टीत तू आलीस. सरकीच्या ढेपेच्या पोत्यांवर मांडी घालून बसलीस. मी गिऱ्हाइकं सोडून तुला विचारलं, की तू तिकडे नेमकं करते काय. तू म्हणालीस, "दादा, मी दलाल पाळते."

"काय बोलून राह्यली वं?"

"आपल्या अंगात एक पेशी राह्यते. तिले झाडावानी फांद्या राह्यतात. डेंड्रायटिक पेशी म्हणतात तिले. तू आपला दलाल म्हण. कातडीत, फुप्फुसात, आतड्यात जागोजागी बसून राह्यते. जे दिसंन ते उचलते. जंतू असो, मेलेली पेशी असो, का काही असो. त्याचा बारका तुकडा करते, आंगावर लावते, आन् निघते बाजाराले."

"कोणत्या बाजाराले?"

"काखेत, मानेत, जांघेत गाठी नाई येत काय ताप आल्यावर? थो त्यायचा बाजार. तथी टी पेशी राह्यतात. लढणाऱ्या. दलाल त्यायले तुकडा दाखवते."

"आन् त्या तुटून पडतात."

"नाई ना! इथंच तर गंमत हाये. नुसता तुकडा पाहून त्या काईच करत नाई. दलाल हात दाबते का, ते पाह्यतात. दुपट्ट्याखाली. हात दाबला त मारा. नाई दाबला त राहू द्या."

मी तराजूवरचा हात काढून घेतला. हे माझ्या ओळखीचं होतं. मी विचारलं, नमुना तोच, गिऱ्हाईक तेच, तरी? तू म्हणालीस, तरी. तोच तुकडा, तीच टी पेशी. दलालाने हात दाबून दाखवला तर फौज तयार होते. नुसता दाखवला, हात दाबला नाही, तर ती टी पेशी एक तर गळून बसते, नाहीतर उलटी शांतता राखणारी होते आणि दुसऱ्यांना गप्प करत फिरते.

मग मी विचारलं, दलालाला हात दाबायचं कोण सांगतं? तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "दादा, याच्यातच माह्ये केस पिकून राह्यले."

तू सांगितलंस की दलाल वास घेतो. जंतूचा वास आला, कुठे काही जळलं, फुटलं, नासलं, की तो तयार होतो आणि हात दाबायला शिकतो. आजूबाजूला सगळं ठीक असेल तर तो मोकळा हात घेऊन बाजारात जातो. आपण जेवतो ते सगळं परकंच असतं. भाकर, मिरची, शेजारच्या घरून आलेलं ताक. रोज परका माल आत येतो आणि मारामारी होत नाही, कारण आतड्यातल्या दलालाला तिथली हवा शिकवते की बाबा, हे जेवण आहे. आपल्याच अंगात रोज असंख्य पेशी मरतात, त्यांचे तुकडेही तो उचलतो आणि मुकाट्याने दाखवतो, म्हणजे लढणाऱ्यांना घरच्या मालाची ओळख राहावी. आणि त्यातूनही एखादा दलाल हात दाबायला निघालाच, तर त्या शांतता राखणाऱ्या पेशी जवळ जातात आणि त्याची दाबणारी बोटंच काढून घेतात.

इथे आपलं भांडण झालं होतं. मी म्हणालो, हे खोटं आहे. दुपट्ट्याखाली तिसऱ्याचा हात गेला तर बाजारात डोकी फुटतील.

तू म्हणालीस, "आंगात तिसऱ्याचा हात नाई गेला त फुटतात."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्याने भाव कमी करायला सांगितला, आणि मी त्याच्यावर ओरडलो. तू पोत्यावर बसून हसत होतीस.

तुझ्या अंगातले दलाल तुझ्याच घरचे तुकडे घेऊन बाजारात जात होते आणि हात दाबत होते. हे तू मला असं सांगितलंस जसं कुणी शेजाऱ्यांची तक्रार सांगावी. तुझं काम होतं त्यांना शांत करायचं. माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींपासून ताटलीत दलाल वाढवायचे, वाढताना त्यांना ड जीवनसत्त्व आणि स्टिरॉइडच्या औषधात ठेवायचं. तसे वाढलेले दलाल तुकडा दाखवतात पण हात दाबत नाहीत. मी म्हणालो, म्हणजे दलालाला पाजून बसवायचं. तू चिडलीस. पाजलेला माणूस उतरल्यावर जास्त भांडतो, म्हणालीस, आणि तुझी सगळी काळजी तीच होती, की ताटलीत शांत झालेला दलाल अंगात गेल्यावर शांत राहील का. जिथे आधीच आग लागली आहे तिथे गेल्यावर त्याने पुन्हा हात दाबायला सुरुवात केली तर? माणसावर असं करून बघणारे जगात थोडेच. त्रास फार झाला नाही म्हणतात, पण फायदा किती, हे अजून कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. ऐकलं होतं. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

एकदा तुझं भाषण ऐकायला पुण्याला आलो. मोठा हॉल, थंडगार. तू पडद्यावर फांद्यांची पेशी दाखवलीस, आणि मग म्हणालीस की माझा भाऊ बैलबाजारात सौदे करतो, आणि दुपट्ट्याची सगळी हकीकत सांगितलीस. लोक हसले. मी शेवटच्या रांगेत धोतर सावरून बसलो होतो, माझे कान तापले. जिन्यात तुला गाठलं.

"मले हसायले ठेवलं काय तुनं?"

"समजलं म्हणून हसले ना दादा."

"मंग बैलाच्या जागी तुह्या नवऱ्याले उभं करायचं होतं!"

विवेकराव तिथेच उभे होते. ते म्हणाले, "दात बघू देणार नाही मी, दादा." तुम्ही दोघं हसलात. मी नाही हसलो. खाली येऊन पान खाल्लं तेव्हा थोडं हसलो, पण तुम्ही तेव्हा सोबत नव्हतात.

मग तू माझं रक्त मागितलंस. तुझ्या कामासाठी दुसऱ्या माणसाचं रक्त लागतं, म्हणालीस, रीतसर देणारे असतात, पण एकदा मला तुझं आणि माझं एकत्र करून बघायचंय. मी दंड पुढे केला. भाव केला नाही. आयुष्यात एवढी एकच वस्तू मी भाव न करता दिली असेन.

तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात ढेप फोडत होतो. तू सांगितलंस, की माझ्या रक्तातले दलाल एका ताटलीत साधे वाढवले आणि त्यांच्यात तुझ्या टी पेशी सोडल्या. "लय मारामारी झाली दादा. माह्यावाल्या भराभरा वाढल्या, फौजच उभी केली त्यायनं. आपण दोघं जसं दिवाळीले करतो तसंच."

"मंग?"

"मंग दुसऱ्या ताटलीत तुह्येच दलाल, पण शांत केलेले. आन् माह्यावाल्या त्याच पेशी." फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता. "गप बसल्या रे. ताटलीत आपलं भांडण झालं नाई."

मी शेजारच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा सांगितला. कशाचा चहा, ते कुणालाच कळलं नाही. मला कळलं होतं. आमच्या धंद्यात नमुना पास झाला म्हणजे माल गेला.

त्यानंतर वर्षभरात तुझ्या किडन्या बसल्या. विवेकरावांनी फोनवर डायलिसिस हा शब्द उच्चारला आणि मी म्हणालो, त्याची गरज नाही, माझी एक काढा. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. नमुना पास होता. तुझे शांत दलाल होते, माझी किडनी होती, तुला जन्मभर फौज दाबून ठेवायच्या गोळ्या पण लागणार नाहीत असा माझा हिशेब. मी गावभर सांगितलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, आणि ज्याने इतकी वर्षं तोंडात खर्रा धरलाय त्यालाच ते काय असतं ते माहीत. जेवणातलं मीठ कमी केलं. तुझी वहिनी म्हणाली, "त्यायनं हो म्हटलं काय पण?" मी म्हणालो, टाळी वाजली आहे. ती म्हणाली, "कवा वाजली? कोणी पाह्यली?" आम्ही बॅगा भरून पुण्याला आलो.

तू गॅलरीत बसली होतीस. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, हातात पाण्याचा मोजका पेला. मी बसायच्या आधीच तू म्हणालीस, "दादा, मी घेणार नाई."

मला आधी वाटलं भाव वाढवतेस. माझ्याकडे भाव वाढवणारं माणूस आलं की मला बरंच वाटतं. मी खाली बसलो आणि सौद्याला सुरुवात केली. तू म्हणालीस, ताटली म्हणजे अंग नव्हे. मी म्हणालो, ताटलीत पास झालेला माल तू परत करते काय? तू म्हणालीस, माझ्या अंगातली आग अजून विझलेली नाही, आज नवी किडनी बसवली तर तीही जळेल. मी म्हणालो, मग विझेपर्यंत थांबतो, इथेच राहतो. तू म्हणालीस, जे माणसावर पूर्ण तपासलेलं नाही ते मी स्वतःवर करणार नाही, आणि तुझ्यावर तर नाहीच. "नुसता नमुना दाखवून माल इकू काय मी?" मी म्हणालो, मग राहू दे तुझे दलाल, साधं कर, गोळ्या खा. तेव्हा तू शेवटचं काढलंस. माझा बीपी. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळ्या घेऊन आटोक्यात आला तर विचार करता येईल, नाही आला तर नाही. तू त्यांना विचार करूच दिला नाहीस.

"माह्या मालाले खराब म्हणू नको शालू."

"खराब नाई म्हटलं. चांगला हाये म्हणून त म्हणते, राहू दे तुह्याजवळ."

"दोन हायेत. एकीनं काम भागते."

"तुह्या बीपीनं पुढं मागं एक खराब झाली मंग?"

"मंग मरंन! तुले काय करायचं?"

मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या. तू त्यांच्याकडे बघून हात हलवलास, जणू रोजचंच आहे. त्याने माझं डोकं आणखी फिरलं. मी म्हणालो, तू सौदा मोडलास, तुझं माझं बोलणं संपलं. खाली उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवरून, पुण्यात मिळतो तसल्या भुकटीचा खर्रा घेतला आणि तोंडात टाकला. तुझी वहिनी दोन्ही बॅगा घेऊन मागे उभी होती.

पुढचे कितीतरी महिने मी तुझा फोन घेतला नाही. तू वहिनीच्या फोनवर करायचीस, ती मुद्दाम माझ्याजवळ येऊन बोलायची. "हो, घेतात गोळी. कुठची घेतात, उशीखाली ठेवतात." तुला बीपीच्या गोळीची चौकशी. मला राग यायचा आणि तरी मी तिथून उठायचो नाही.

तुला ताप चढला आणि उतरेना, तेव्हा मी आलो. दवाखान्यात तू बारीक झाली होतीस. मी खुर्चीवर बसलो. तू हात पुढे करून माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढलास. आपल्या दोघांच्या हातांवर टाकलास. म्हणालीस, "कर सौदा."

मी तुझं एक बोट दाबलं. एक मी ठेवतो, एक तुझी. तू माझी दोन दाबलीस. दोन्ही तुझ्याजवळ ठेव. मी पुन्हा एक. तू पुन्हा दोन. नर्स आली, तिला वाटलं मी नाडी बघतोय, ती म्हणाली, "काका, ते आम्ही बघतो." तू हसलीस तेव्हा ओठ फुटले. मी एक दाबत राहिलो, तू दोन. तुझ्या बोटांत जोर नव्हता, तरी दोनच. मग तुझा हात सैल पडला आणि तू झोपलीस. मी दुपट्टा काढला नाही. टाळी वाजली नव्हती. मी अजूनही असंच धरून चालतो, की सौदा चालू होता.

तेराव्याच्या आदल्या दिवशी विवेकरावांनी मला बाजूला बसवून एक गोष्ट सांगितली. ते भले माणूस, त्यांना वाटलं मला बरं वाटेल. म्हणाले, "दादा, शालूने अवयवाच्या प्रतीक्षायादीत नाव दिलं होतं. ताप नसता आला आणि आजार शांत झाला असता, तर मिळाली असती तिला कधी ना कधी."

म्हणजे परक्याची चालली असती. कोण कुठला, जात ना गोत, अपघातात गेलेला माणूस. त्याची घेतली असतीस, आणि माझी दोन्ही अंगात आहेत, रक्त ताटलीत पास झालेलं आहे, माझी नको. मी विवेकरावांवर ओरडलो. त्यांचा काही दोष नव्हता. मग घरात येऊन तुझ्या वहिनीवर ओरडलो. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"थो मेलेला राह्यते," ती म्हणाली. "त्याचं काय जाणार होतं? तुमचं गेलं असतं त त्या जगल्या असत्या काय? तुमाले काही झालं असतं त त्यायनं थे कसं सहन केलं असतं?"

मी म्हणालो, आणि मी कसं करतोय ते?

तिने कणकेवर फडकं टाकलं.

तुझ्या कामाचं एक मला फार उशिरा कळलं, तेही तू गेल्यावर, एकटा बसून विचार करताना. तू मला कधी असं सांगितलं नाहीस की परक्याला परकं म्हणणं चूक आहे. अंगात फौज लागते. नाहीतर साधा जंतू माणसाला खाऊन टाकेल, आणि तुझा ताप तसाच होता, शांत ठेवायच्या गोळ्यांनी फौज दबलेली आणि दारात जंतू. तू फक्त एवढंच शोधत होतीस की हात कधी दाबायचा आणि कधी मोकळा ठेवायचा, हे त्या पेशीला कोण आणि कसं शिकवतं. त्याचं पूर्ण उत्तर तुलाही मिळालं नव्हतं. तू म्हणायचीस, माझ्यानंतर कुणीतरी शोधेल. मला त्या कुणीतरीचा राग येतो. तो तुझ्या आधी का नाही आला?

आणि तरी खरं सांगतो, तुझ्यामुळे मला जे कळलं ते दुसऱ्या कुणी कळू दिलं नसतं. ढेप विकणारा माणूस मी. माझ्या काखेत बाजार भरतो हे मला कुणी सांगितलं असतं? जेवायला बसलो की आता भाकरीचा घास तोंडात टाकताना वाटतं, आत जातोय परका माल, आणि कुणीतरी तो मुकाट दाखवत फिरतंय. मी सुद्धा तेवढ्यापुरता हळू जेवतो. वहिनी म्हणते, बरं झालं, आधी ताटावर धाड पडल्यासारखे जेवत होता.

काल बाजार होता. तू गेल्यानंतरचा माझा पहिलाच. मी जाणार नव्हतो, पण घरात लोक मला बघून आवाज खाली करतात ते सहन होईना. वरवट बकालकडचा एक शेतकरी चारदाती गोऱ्हा घेऊन आला होता, पांढरा, खांदा भरलेला, डोळा शांत. मला आवडला. दुपट्ट्याखाली हात घेतला, थोडी ओढाताण झाली, जमलं. टाळी वाजली, सगळ्यांच्या देखत. मी कासऱ्याला हात घातला आणि त्या माणसाने कासरा सोडला नाही.

"शेठ," तो म्हणाला, "नाई होऊन राह्यलं माह्याच्यानं. माफ करा. मी वापस नेतो."

"काऊन?"

"मनच घेत नाई."

भोवती लगेच माणसं जमली. सगळ्यांना माहीत आहे मी टाळी मोडणाऱ्याचं काय करतो. एकाने तर चहाचा ग्लास हातात घेऊन जागा धरली. करीमचाचा आता बाजार करत नाहीत, कडुनिंबाखाली खाटेवर बसून असतात, तेही मान लांब करून बघायला लागले. मी तोंड उघडलं. नेहमीचे शब्द आत तयार होते, रांगेत उभे होते. तो माणूस कासरा दोन्ही हातांनी धरून खाली बघत उभा होता. ओरडा खायला तयार होऊन आलेला होता, पण कासरा सोडायला नाही.

मी कासऱ्यावरून हात काढला. म्हणालो, "ने बाप्पा."

त्याला खरं वाटेना. तो तसाच उभा राहिला. मी पुन्हा म्हणालो, ने, ऊन होईल, पाणी पाजून ने. मग तो गेला. चहाचा ग्लास घेऊन उभा होता त्याची निराशा झाली. चाचांनी मला जवळ बोलावून कपाळाला हात लावला. "उत्तम बेटा, बुखार तो नहीं है ना?"

मी म्हणालो, नाही चाचा. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग खाटेवर सरकून त्यांनी मला बसायला जागा दिली.

त्या माणसाला मी माफ केलं, शालू. त्याचं नावही मला माहीत नाही, पुन्हा भेटला तर ओळखणार नाही, म्हणून ते सोपं गेलं. तुला मात्र माफ करणार नाही. तुला माफ केलं की आपलं बोलणं संपेल, आणि माझं अजून निम्मंही बोलून झालेलं नाही.